मुरुडला छप्पर कधी?

एसी ऑफिसातल्या दोस्तांनो, धावायलाही छप्पर लागतं बरं का! अमेरिकेतल्या कडक थंडीने कॉलेजची पोरं हॉलमध्ये धावायला लागली. एनसीएएची पहिली इनडोअर स्पर्धा १९६५ साली डेट्रॉइटला झाली; मुलींची मात्र १९८३ मध्ये! फेरी २०० मीटरची, आणि शंभरऐवजी स्प्रिंट ६० मीटरची. आपल्याकडे भुवनेश्वरला इनडोअर अ‍ॅथलेटिक्स स्टेडियम उभं राहायला २०२४ उजाडलं. आणि आपलं मुरुड? जंजिऱ्याचं नव्हे हो, लातूरचं! इथला उन्हाळा चाळिशी ओलांडतो. शेजारच्या बीडच्या अविनाश साबळेने २०२२च्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसचं रौप्य जिंकलं. म्हणजे मराठवाड्याच्या पायांत दम आहेच. तिकडे थंडीसाठी छत, इकडे उन्हासाठी नको?