घराला अर्थ नाही!

दिवाळीनंतरची गोष्ट. रात्रीचे साडेदहा वाजले होते. अंगणात नवी गाडी उभी होती आणि तिच्यासमोर मी, आमची सौ. आणि शेजारचे दोघे-तिघे आरतीला उभं राहावं तसे उभे होतो. गाडी विजेवर चालणारी. तिच्याबरोबर मिळालेली केबल ओसरीतल्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटात खोचली, दुसरं टोक गाडीच्या कुशीत घातलं. या केबलच्या मधोमध एक डबी असते. तिच्यावर हिरवा दिवा लागायला हवा होता. लागला लाल. काढून पुन्हा खोचली, पुन्हा लाल. शेजारी म्हणाले, "याच सॉकेटवर तुमची इस्त्री चालते ना? मग हिला काय धाड भरली?"

प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर मिळायला मला तीन आठवडे लागले.

आम्ही वैतरणा स्टेशनपासून पंधरा मिनिटांच्या अंतरावर राहतो. विरारच्या पुढचं हे पहिलं स्टेशन. रेल्वेने सफाळे, केळवे रोड करत पालघर अगदी जवळ. पण गाडीने जायचं तर खाडी आडवी येते, आणि महामार्गावर चढून मनोरवरून गेलं तर भलामोठा वळसा पडतो. अशा ठिकाणी विजेची गाडी घ्यायची तर चार्जिंगची सोय घरातच हवी, हे मला पटलं होतं. म्हणून गाडीआधी मी चार्जरचा अभ्यास केला. बँकेत बत्तीस वर्षं काढल्यावर माणूस दुसरं काय करणार?

बाजारात घरासाठी मुख्यतः दोन वाटा आहेत. एक साध्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटवरची, सुमारे ३.३ किलोवॉटची. दुसरी भिंतीवर पेटी बसवायची, ७.२ किलोवॉटची. आमच्या गाडीची बॅटरी २४ युनिटांची. पहिल्या वाटेने ती रिकामीची पूर्ण भरायला आठ-नऊ तास, दुसरीने चारेक तास. विक्रेता अर्थातच पेटीच्या बाजूचा होता. मी कागदावर आकडेमोड केली. रोजचं फिरणं फार तर चाळीस किलोमीटर, म्हणजे सहा युनिटं, म्हणजे छोट्या सॉकेटवर दोन तास. रात्र तर दहा तासांची! पेटी घ्यायची तर वीज कंपनीकडून मंजूर भार वाढवून घ्यायचा, जाड केबल टाकायची. कशासाठी, तर गाडी पहाटे चारऐवजी रात्री बारालाच भरून उभी राहावी म्हणून. ज्याला रोज दीडशे-दोनशे किलोमीटर तुडवायचे आहेत किंवा ज्याच्याकडे दोन गाड्या आहेत, त्याने पेटी जरूर घ्यावी. माझी गरज तेवढी नव्हती, आणि गरजेपेक्षा मोठं कर्ज मागणाऱ्याला मी कधी मंजुरी दिली नाही.

गाडीसाठी वेगळं मीटर घ्यावं का, हाही प्रश्न होता. केंद्राच्या २०२४ च्या दुरुस्त नियमांनुसार ग्राहकाला तसं मागता येतं. पण वेगळ्या मीटरला वेगळा स्थिर आकार. आमचं घरचं बिल महिना दीडशे युनिटांचं. गाडीने त्यात आणखी दीड-पावणेदोनशेची भर पडणार. तीनशेची पायरी ओलांडली की सगळंच बिल वरच्या दराने लागतं असा समज आहे, तो चुकीचा. वरच्या दराने लागतात ती फक्त तीनशेच्या वरची युनिटं. तेव्हा वेगळं मीटर नको, असं ठरवलं. ज्याचा वापर आधीच पाचशेला टेकला असेल, त्याचं गणित निराळं येईल.

इतका हिशेब करून मी लाल दिव्यासमोर उभा होतो.

दुसऱ्या दिवशी एक वायरमन आला. त्याने सॉकेट उघडलं, पाहिलं आणि म्हणाला, "पाच मिनिटांचं काम आहे. न्यूट्रलमधून अर्थ देतो." म्हणजे सॉकेटातल्या न्यूट्रलची एक तार वाकवून तिसऱ्या, मोठ्या भोकाला जोडायची. डबी फसते, हिरवा दिवा लागतो. त्याने तसं करून दाखवलंसुद्धा. गाडी भरू लागली. मी पैसे द्यायला पाकीट काढणार तोच आमच्या चिरंजीवांचा फोन आला. तो यंत्रशाळेत शिकलेला. हकिगत ऐकून त्याने मला फोनवरच ओरडून केबल काढायला लावली.

त्याने सांगितलं ते थोडक्यात असं. न्यूट्रलची तार कुठेतरी तुटली किंवा खांबावर सैल झाली, आणि आपल्याकडे पावसाळ्यात हे नेहमी होतं, की तिसऱ्या भोकातून गाडीच्या पत्र्यापर्यंत थेट २३० व्होल्ट येऊन बसतात. ओल्या अंगणात अनवाणी उभं राहून दार उघडणाऱ्याला ते कळायचीही सवड मिळत नाही. डबी लाल दिवा दाखवत होती ती हेच टाळायला. इस्त्रीला अर्थ आहे की नाही हे पाहायची अक्कल नसते. गाडीच्या डबीला असते.

मग सफाळ्याकडचा दुसरा वायरमन मिळाला. पोरगेलासा, कमी बोलणारा. त्याने शंभर वॉटचा बल्ब लावलेली दोन तारांची टेस्ट-लॅम्प आणली. फेज आणि न्यूट्रलमध्ये धरली, बल्ब लख्ख. फेज आणि अर्थमध्ये धरली, काळोख. स्वयंपाकघर, न्हाणीघर, माडी, सगळीकडे तेच. शेवटी हात झटकत म्हणाला, "काका, तुमच्या घराला अर्थच नाही."

मी कादंबऱ्या लिहितो हे त्याला ठाऊक नव्हतं. समीक्षकांनी मला हे याआधी ऐकवलेलं आहे, पण इतक्या सरळ शब्दांत नाही.

मीटरच्या खालून एक हिरवी तार भिंतीच्या कडेने उतरताना दिसत होती. ती कुठे जाते हे एकोणतीस वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं. पोराने गिलावा खरवडला. जमिनीपासून वीतभर वर ती तार कापलेली होती. खाली खड्डा नाही, पाइप नाही, काही नाही. मी कपाटातून घराची फाइल काढली. १९९६ सालचा टेस्ट रिपोर्ट त्यात व्यवस्थित टाचलेला होता. शिक्का, सही, आणि 'अर्थ रोध' या रकान्यात ओहममध्ये आकडा. दशांश चिन्हानंतर दोन घरांपर्यंत! त्या दोन घरांनीच माझा विश्वास बसला असणार.

आता एक कबुली. १९८७ साली मी याच पट्ट्यातल्या एका शाखेत शेतीकर्जं पाहत होतो. एका पाड्यावरच्या शेतकऱ्याला विजेच्या पंपासाठी कर्ज दिलं होतं. वाटपानंतर प्रत्यक्ष पाहणी करून अहवाल भरायचा. भर पावसाळा, वाट चिखलाची, तिमाही संपत आलेली. मी शाखेत बसूनच 'पंप बसवला असून चालू स्थितीत आहे' असं लिहून सही केली. पंप होता, खोक्यात होता. पाड्यापर्यंत विजेची लाइनच आलेली नव्हती. तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ पासून वीज देत होतं आणि तिथून फार दूर नसलेल्या या माणसाने दोन वर्षं न फिरलेल्या पंपाचं व्याज भरलं. मी खरं लिहिलं असतं तर हप्ते पुढे ढकलता आले असते. तो शाखेत यायचा, काउंटरशी उभा राहायचा, पैसे भरून निघून जायचा. तक्रार त्याने कधी केली नाही. तेव्हा माझ्या घराचा रिपोर्ट लिहिणाऱ्यावर तोंडसुख घ्यायचा अधिकार मला कितपत आहे, ते मी ठरवू शकलेलो नाही.

या नदीच्या नावाचं एक जहाज होतं. एस. एस. वैतरणा. त्यावर विजेचे दिवे होते. त्या काळी ते अप्रूप, म्हणून काठेवाडकडची माणसं त्याला 'वीजळी'च म्हणत. नोव्हेंबर १८८८ मध्ये कच्छच्या मांडवीहून मुंबईला येताना ते वादळात शेकडो उतारूंसकट नाहीसं झालं. पुढे चौकशीत निघालं की बचावाच्या होड्या नि जाकिटं पुरेशी नव्हती. दिवे मात्र सगळे होते.

असो. खड्ड्याकडे येतो. आमची जमीन खाडीलगतची, खारवट. अशी ओली, खारी माती वीज छान शोषून घेते, पण लोखंडी पाइप चार-सहा पावसाळ्यांत खाऊन टाकते. म्हणून पोराने तांब्याचा मुलामा दिलेल्या तीन मीटरच्या दोन सळया वेगवेगळ्या जागी गाडल्या. भोवती मीठ-कोळशाऐवजी बेंटोनाइटची माती भरली. पाच फुटांवरच पाणी लागलं. मग मीटरने मोजलं. दोन ओहमच्या जरा वर. या वेळी मी शेजारी उभा राहून काटा पाहिला. गाडीसाठी मुख्य पेटीपासून थेट चार चौरस मिलिमीटरची केबल, मध्ये दुसरं काही नाही. सॉकेट जमिनीपासून तीन फुटांवर. चार्जिंगच्या जागांसाठी २०१९ साली आलेल्या सुरक्षा नियमांत किमान ८०० मिलिमीटर उंची सांगितली आहे आणि जोडवायर वापरायला मनाई आहे. आणि सगळ्यात महत्त्वाची, ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी. साधा एमसीबी तार वाचवतो, माणूस वाचवत नाही. वीस अँपिअरचा एमसीबी वीस हजार मिलिअँपिअरपर्यंत स्वस्थ बसतो. माणसाच्या काळजाला त्याचा शंभरावा हिस्साही पुरे होतो.

सगळ्या घराला आरसीसीबी लावली आणि पहिल्याच सकाळी ती खटकन पडली. न्हाणीघरातल्या गीझरची कॉइल फुटलेली निघाली. कधीपासून, देव जाणे.

खर्च म्हणाल तर भिंतीवरच्या पेटीला जेवढा आला असता, जवळपास तेवढाच आला. गाडी रात्री अकराला लावतो, दिवा हिरवा असतो.

राहिली एक गोष्ट. आमचं धुण्याचं मशीन पहिल्यापासून 'चावायचं'. अर्थ नसला की असल्या यंत्राच्या पत्र्यावर थोडी वीज तरंगत राहते, बोटांना झिणझिण्या येतात. एवढ्याने सहसा माणूस दगावत नाही. पण आत एक तार सोलली गेली की तोच पत्रा २३० व्होल्टचा. आम्ही त्यावर तोडगा काढला होता. मशीनपाशी एक पाट आणि रबरी चपलांचा एक जोड. कामाला येणाऱ्या मावशी अकरा वर्षं त्या चपला घालून धुणं लावतात. पहिल्या वर्षी त्यांनी तक्रार केली होती. चपला त्यानंतर आल्या. बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या तारणाची किंमत करणाऱ्या मला त्या चपला रोज दिसत होत्या.

काम संपलं त्या दिवशी मी मावशींना मशीनपाशी नेलं, स्वतः पत्र्यावर तळहात ठेवून दाखवला. म्हटलं, "आता नाही चावायचं."

"हो का," मावशी म्हणाल्या, आणि चपला पायांत सरकवून त्यांनी मशीनचं झाकण उघडलं.