विश्लेषण : काडतुसाची रिकामी पुंगळी पुन्हा भरण्याआधी कापावी का लागते? त्यासाठी कोणते साधन योग्य?

एकदा झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी फेकून न देता ती घरीच पुन्हा भरणे हा अमेरिकेतील शिकारी आणि नेमबाजांचा जुना उद्योग आहे. खर्च वाचतो आणि आपल्या रायफलला जुळेल असे काडतूस तयार करता येते, ही त्यामागची दोन कारणे. या कामात दारू आणि गोळीची चर्चा जास्त होते. पण पुंगळीची लांबी पाव मिलिमीटरने चुकली तरी बंदुकीतला दाब धोक्याच्या पातळीवर जाऊ शकतो. म्हणूनच पुंगळी कापण्याच्या आणि तिची बर काढण्याच्या साधनांना महत्त्व आहे.

रीलोडिंग म्हणजे नेमके काय?

काडतुसाचे चार भाग असतात. पुढे गोळी, आत धूररहित दारू, तळाशी ठिणगी देणारा प्रायमर आणि हे सगळे धरून ठेवणारी पुंगळी. गोळी झाडल्यावर पहिले तीन भाग संपतात, पुंगळी मात्र उरते. ती साधारण ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त असलेल्या पितळेची असते. हे पितळ ताणले जाते आणि पुन्हा आवळताही येते, त्यामुळे एकच पुंगळी अनेकदा वापरता येते. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी काडतुसे भरायला केंद्रीय परवाना लागत नाही. विक्रीसाठी बनवायची असतील तर मात्र लागतो.

पुंगळी लांब का होते?

.३०८ विंचेस्टर या प्रचलित रायफल काडतुसासाठी दाबाची कमाल मर्यादा ६२ हजार पीएसआय आहे. मोटारीच्या टायरमध्ये ३० ते ३५ पीएसआय हवा असते, यावरून अंदाज यावा. या दाबाने पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटते. नंतर ती डायमधून दाबून मूळ मापाला आणली जाते, तेव्हा पितळ पुढे, म्हणजे तोंडाच्या दिशेने सरकते. झाडणे आणि आवळणे या प्रत्येक फेरीत लांबी थोडी थोडी वाढत जाते.

पिस्तुलाच्या सरळ पुंगळ्यांचे असे सहसा होत नाही. त्यामुळे ९ एमएम किंवा .४५ एसीपी भरणारे बरेच जण पुंगळी कापण्याच्या भानगडीत पडत नाहीत. हा प्रश्न मुख्यतः खांदा आणि मान असलेल्या रायफल काडतुसांचा आहे.

लांबी वाढली तर धोका काय?

.३०८ च्या पुंगळीची कमाल लांबी ५१.१८ मिमी आहे आणि कापून ती ५०.९३ मिमीवर आणण्याची शिफारस असते. .२२३ रेमिंग्टनसाठी हेच आकडे ४४.७० आणि ४४.४५ मिमी आहेत. दोन्हींत फरक पाव मिलिमीटरचा, वर्कशॉपच्या भाषेत १० थाऊचा.

पुंगळी कमाल मर्यादेपलीकडे गेली तर तिचे तोंड चेंबरच्या टोकाला अडकते आणि गोळीवर आवळले जाते. गोळी सुटायला उशीर होतो, मागे गॅस कोंडतो आणि दाब अचानक वाढतो. बंदुकीचा खटका अडकण्यापासून बंदूक फुटण्यापर्यंत काहीही होऊ शकते. म्हणून मापाचा क्रम पक्का असतो : आधी डायमधून आवळणे, मग व्हर्नियरने मोजणे आणि शेवटी कापणे. आवळण्याआधी घेतलेले माप उपयोगाचे नाही, कारण आवळताना लांबी पुन्हा बदलते.

कापण्याची साधने कोणती?

सर्वांत स्वस्त साधन ‘ली’ कंपनीचे आहे. यात ठरावीक लांबीची पिन पुंगळीच्या तळाच्या छिद्रातून आरपार जाऊन टेकते आणि कटर तिथेच थांबतो. लांबी सेट करावी लागत नाही, त्यामुळे ती चुकण्याची शक्यता कमी. ते हाताने फिरवता येते किंवा ड्रिल मशीनला लावता येते. मात्र प्रत्येक काडतुसासाठी वेगळी पिन घ्यावी लागते. तळाला एकाऐवजी दोन बारीक छिद्रे असलेल्या बर्डन पद्धतीच्या पुंगळीत ही पिन जात नाही.

दुसरा प्रकार छोट्या लेथसारखा आहे. फॉर्स्टर, लायमन, आरसीबीएस यांची अशी यंत्रे मिळतात. पुंगळी तळाशी पकडली जाते, तोंडात मार्गदर्शक पायलट जातो आणि हँडल फिरवून कापले जाते. स्क्रूने लांबी बदलता येत असल्याने एकच यंत्र अनेक काडतुसांना चालते. विल्सनच्या यंत्रात पुंगळी तिच्या अंगाने, निमुळत्या होल्डरमध्ये बसते. तोंड काटकोनात कापले जाते, म्हणून अचूकतेच्या स्पर्धेतील नेमबाज ते पसंत करतात.

तिसरा प्रकार विजेवरचा. गिरॉडसारख्या यंत्रात पुंगळी नुसती आत दाबायची. कापणे, आतली कड आणि बाहेरची बर ही तिन्ही कामे एकदम होतात. ड्रिलला लावायचे असेच छोटे कटरही असतात. यातले बहुतेक पुंगळीच्या खांद्यावरून माप धरतात. सगळ्या पुंगळ्या एकसारख्या आवळलेल्या नसतील तर लांबीही एकसारखी येत नाही.

मग निवड कशी करायची?

पहिला प्रश्न संख्येचा. वर्षाला शंभर-दोनशे शिकारी काडतुसे भरणाऱ्याला पिनवाले साधन पुरते. दुसरा प्रश्न प्रकारांचा. चार-पाच वेगवेगळ्या रायफली असतील तर प्रत्येकीची पिन घेत बसण्यापेक्षा लेथ प्रकार सोयीचा. महिन्याला हजारभर .२२३ भरणाऱ्याचा हात मात्र हँडल फिरवून भरून येतो. त्याला विजेचे यंत्र परवडते. पितळ मऊ असल्याने साधा हायस्पीड स्टीलचा कटरही बराच काळ टिकतो. कार्बाइडचे जादा पैसे मोठ्या संख्येलाच वसूल होतात.

व्हर्नियरमध्ये मात्र काटकसर नको. कोणतेही यंत्र घेतले तरी शेवटचा निकाल तोच देतो.

बर काढणे इतके गरजेचे का?

कापल्यावर तोंडाच्या आत-बाहेर पितळेची धारदार बर राहते. आतली बर गोळी बसवताना तिचे तांब्याचे आवरण खरवडते. बाहेरची बर काडतूस चेंबरमध्ये नीट बसू देत नाही. त्यासाठी हातात मावणारे दुतोंडी साधन मिळते, एक टोक आतल्या चॅम्फरसाठी आणि दुसरे बाहेरच्या बरसाठी. लांब, निमुळत्या गोळ्या वापरणारे आतून जास्त उभ्या कोनाचा ‘व्हीएलडी’ चॅम्फर देतात.

नवखे इथे हमखास जास्त जोर लावतात. दोन-तीन हलके फेरे पुरेसे असतात. तोंडाला चाकूसारखी धार आली तर तिथले पितळ पातळ होते आणि मान लवकर चिरते. शेवटी पुंगळी उलटी करून आतला कीस झटकून टाकायचा. प्रायमरच्या काजळीत शिसे असते, त्यामुळे कामानंतर हात धुणे आणि कामाच्या टेबलावर न खाणे हाही शिस्तीचाच भाग आहे.

पुंगळी बाद कधी करायची?

तोंडाकडे वाढलेले पितळ कुठून तरी आलेले असते. तळाच्या थोडे वरची भिंत प्रत्येक फेरीत पातळ होते. बाहेरून तिथे चकचकीत वलय दिसते. टोक वाकवलेली बारीक तार आतून फिरवल्यास खाच हाताला लागते. अशी पुंगळी चेंबरमध्ये तुटून दोन तुकडे होऊ शकते. ती लगेच बाद करावी. वारंवार कापावी लागणारी पुंगळी म्हातारी झाली, हेच कापण्याच्या यंत्राचे सांगणे असते.

भारतात हे करता येते का?

परवान्याविना नाही. शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवणे हा गुन्हा आहे आणि दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भाग व तो बनवण्याची यंत्रेही येतात. त्यामुळे परदेशी संकेतस्थळावर दिसलेले साधन मागवण्याआधी कायदा पाहणे आवश्यक.

कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक जिंकले. या प्रकारातील .२२ रिमफायर काडतुसात ठिणगी देणारे रसायन पुंगळीच्या कडेतच भरलेले असते आणि पिनेच्या आघाताने ती कड चेपते. अशी पुंगळी नव्याने भरण्याजोगी उरत नाही. त्यामुळे या नेमबाजांपुढे कापण्याचा प्रश्नच येत नाही. त्यांची काडतुसे कारखान्यातूनच यावी लागतात.