कुंभारीण आणि तिचे मातीचे घर



गेल्या पावसाळ्यात आमची विहिरीवरची मोटार दीड महिना बंद होती. उघडीप पडल्यावर बटण दाबले, तर मोटार हूं की चूं करीना. वायरमनने मेन स्विच पाडून स्टार्टरची पेटी उघडली, तर आत मातीचा हा एवढा गोळा! गोळा फोडला तेव्हा त्यातून मेल्यासारखे दहा-बारा कोळी गळून पडले. हे काम कुंभारणीचे.

कुंभारीण म्हणजे ती काळी, पिवळ्या पायांची, दोऱ्यासारख्या बारीक कंबरेची माशी. ही गांधीलमाशीच्या गोतातली, पण गांधीलमाशीसारखा हिचा जमाव नसतो. घर बांधते ती एकटी मादी. नराचा त्यात हात नाही. पाटाच्या कडेची ओली माती ती जबड्यात गोळी करून आणते आणि गुणगुणत थापते. ती गुणगुण उगाच नाही, त्या थरथरीने माती नीट बसते. बोटाच्या पेराएवढी एक खोली झाली की ती शिकारीला निघते.

कोळ्याला ती नांगी मारते, पण ठार करीत नाही. विषाने तो लुळा पडतो. जिवंत असल्यामुळे सडत नाही. अशा कोळ्यांनी खोली भरायची, त्यांतल्या एकावर एकच अंडे घालायचे आणि तोंड मातीने लिंपून टाकायचे. अंड्यातून निघालेली अळी ही ताजी शिदोरी खाते, कोष करते आणि शेवटी माशी होऊन भिंत कुरतडून बाहेर पडते. आईची आणि तिची भेट होतच नाही.

हिची एक चुलत बहीण लहान मडक्यासारखे घर करते आणि त्यात कोळ्यांऐवजी अळ्या भरते. कीर्तनात ऐकलेला भृंगी-कीटकाचा दृष्टांत इथूनच आला असावा. आत कोंडलेली अळी ध्यास घेऊन भृंगी होते, असे आपण ऐकत आलो. दृष्टांत म्हणून तो गोडच आहे. पण प्रत्यक्षात अळी खाल्ली जाते आणि बाहेर येते ती माशीचीच लेक.

मग ही शेतकऱ्याची मित्र की शत्रू? मडकेवाली अळ्या उचलते, तेवढा फायदा. पण खोडकिडीची अळी उसाच्या पोटात दडलेली. तिथवर हिची पोच नाही. कोळीवाली तर आपल्या उपयोगाचे कोळीच पळवते. माणसाला मात्र या माश्या हातात धरल्याशिवाय सहसा डसत नाहीत, त्यामुळे रॉकेलचे बोळे पेटवून घर जाळायच्या धोक्यात पडू नये.

खरा त्रास भोकांचा. दि. ६ फेब्रुवारी १९९६ रोजी डोमिनिकन प्रजासत्ताकात एक बोइंग ७५७ विमान उडाल्यावर थोड्याच वेळात समुद्रात कोसळले आणि १८९ माणसे गेली. वेग मोजणारी नळी बुजली होती व वैमानिकाला वेग चुकीचा दिसत होता. विमान बरेच दिवस उभे होते आणि काही काळ नळीला झाकण नव्हते. नळीत अशाच माशीने माती भरली असावी, असा चौकशीत संशय आला.

आपल्याकडे विमान नाही, पण स्टार्टरच्या पेटीचे वायरीचे भोक, डिझेल टाकीची हवेची नळी, फवारणी पंपाची नळी, ठिबकच्या पाइपाचे उघडे तोंड, हे सगळे आहेच. काम नसेल तेव्हा तोंडाला चिंधीचा बोळा किंवा बूच लावावे. हवेच्या नळीला बारीक जाळी बांधावी, बूच नको, नाहीतर इंजिनच बंद पडायचे. पेटी उघडताना आधी मेन स्विच पाडायला विसरू नये. भिंतीवरच्या घराला गोल भोक दिसले तर माशी उडून गेली असे समजावे आणि ते खुशाल खरवडावे.