मृत्युपत्रावर साक्षीदार कोण?

आमच्या धर्मग्रामातल्या एका वृद्ध शेजाऱ्यांनी काही वर्षांपूर्वी मला बोलावून घेतलं. "बाई, तुमचं अक्षर चांगलं, माझं मृत्युपत्र तुम्हीच लिहा." जन्मभर फळ्यावर लिहिलेली मी, मला त्यात काय अवघड वाटणार! घर धाकट्या मुलीला द्यायचं, कारण दुखण्यात तिनंच सगळं केलं. दीड पान लिहिलं, वाचून दाखवलं, त्यांनी सही केली. साक्षीदार दोन लागतात एवढं मला ठाऊक होतं. एक मी, दुसरा समोरच बसलेला जावई, म्हणजे त्याच धाकटीचा नवरा.

तिथंच घात झाला.

ते प्रभूघरी गेल्यावर थोरल्या मुलानं हरकत घेतली. बीदरच्या वकिलांनी कागद पाहिला आणि इंग्रजी पुस्तकातलं एक कलम दाखवलं. आपल्या ख्रिस्ती लोकांना लागू असणारा १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा, कलम ६७. मृत्युपत्रानं ज्याला काही मिळायचं आहे त्यानं, किंवा त्याच्या नवऱ्यानं-बायकोनं, साक्षीदार म्हणून सही केली तर मृत्युपत्र टिकतं, पण त्याला दिलेलं तेवढं रद्द होतं. घराचे चार सारखे वाटे झाले. दोघा भावंडांनी आपला वाटा बहिणीला सोडला, थोरल्यानं नाही. धाकटी अजून वाटेत भेटली की "जय येशू, बाई" म्हणते. मलाच मान वर करवत नाही.

मी पदवीधर, तरी ते कलम मला तीनदा वाचावं लागलं. सगळं एकाच लांबलचक वाक्यात! मग शेतमजुरानं काय करावं? आमच्या सीमेवर कायदा इंग्रजीत, कचेरी कन्नडमध्ये आणि चुलीपाशी मराठी. निजामाच्या अमलात कचेरीत उर्दू होती, १९५६ नंतर कन्नड आली. कन्नडबद्दल माझी तक्रार नाही, माझी नातवंडं त्यातच शिकली. पण केंद्राच्या कायद्यांची प्रादेशिक भाषांत अधिकृत भाषांतरं काढण्याची सोय १९७३ च्या कायद्यानं केलेली आहे. आणि नुसतं भाषांतरही पुरत नाही; 'अनुप्रमाणित' असला शब्द छापला तर तो इंग्रजीइतकाच परका.

याच कायद्यात आपल्या लेकीबाळींच्या भल्याचं पुष्कळ आहे. मृत्युपत्र नसेल तर मुलीला मुलाइतकाच वाटा. मुलंबाळं असतील तर विधवेला एक तृतीयांश. लग्नाआधी केलेलं मृत्युपत्र लग्नानंतर रद्द होतं. हे माहीत नसल्यानं किती बहिणी 'दादा म्हणतो तिथं' सही करून मोकळ्या होतात! तालुका विधी सेवा समितीत बाईमाणसाला उत्पन्नाची अट न घालता फुकट वकील मिळतो, हेही कुणी सांगत नाही.

म्हणून मी एक पान तयार केलंय, सोप्या मराठीत, मोठ्या अक्षरात. या खेपेला आधी वकिलांकडून तपासून घेतलं. त्यांनी दोन चुका काढल्या. फादरांनी होकार दिलाय; येत्या रविवारी मिस्सानंतर ते वाचून दाखवणार आहे, आणि धाकटीला पहिल्या बाकावर बसायला सांगितलंय.