सायकलीच्या मोडलेल्या फ्रेमची दुरुस्ती व रंग

शेतकऱ्याच्या घरीं सायकल ही केवळ बसून जाण्याची वस्तू नसते. पहांटे दुधाचे कॅन, दुपारीं गवताचा भारा, बाजारच्या दिवशीं धान्याचें पोतें, आणि मधल्या वेळांत मुलांची शाळा, हीं सर्व कामें एकच सायकल करिते. इतक्या भाराखालीं एखादे दिवशीं तिची फ्रेम मोडली तर त्यांत नवल नाहीं. नवल वाटतें तें पुढील व्यवहाराचें. मोडलेली फ्रेम वेल्डिंगच्या दुकानीं जाते, पांच मिनिटांत जोड बसतो, वरून काळा रंग फांसला जातो आणि संध्याकाळीं सायकल पुन्हां भाराखालीं येते. असा घाईचा जोड थोड्याच दिवसांत जोडाच्या अगदीं शेजारीं पुन्हां तुटतो, आणि तो उतारावर तुटला तर बसणाऱ्याचा दांत, हात किंवा जीव जातो. म्हणून फ्रेम कां मोडते, ती कशी जोडावी आणि रंग केव्हां द्यावा, याचा क्रमवार विचार येथें केला आहे.

फ्रेमची रचना

सन १८८५ मध्यें इंग्लंडांतील कॉव्हेंट्री येथें जॉन केम्प स्टार्ले यानें ‘रोव्हर’ नांवाची सायकल काढली. मागील चाकास सांखळी लावून चालणाऱ्या आजच्या सायकलीची ती जननी होय. पुढें थोड्याच वर्षांत फ्रेमला दोन त्रिकोणांचा घाट आला, आणि खेडोपाडीं चालणाऱ्या काळ्या सायकलींत तो अद्यापि टिकून आहे. त्रिकोणाच्या बाजू ताणल्या अगर दाबल्या जातात, पण सहसा वांकत नाहींत. म्हणूनच सुमारें एक ते दीड मिलिमीटर जाडीच्या पोकळ नळ्या एवढा भार पेलतात. जुन्या पद्धतीच्या फ्रेममध्यें नळ्यांचीं टोकें पोलादी गवसण्यांत घालून आंत वितळलेलें पितळ मुरविलेलें असतें. ही गोष्ट दुरुस्तीच्या वेळीं अवश्य ध्यानांत ठेवावी.

मोड कां होतो

लोखंडी तार एकदां वांकविल्यानें तुटत नाहीं. तीच मागें-पुढें वीस वेळां वांकविली कीं हातांत दोन तुकडे येतात. फ्रेमचेंहि तसेंच आहे. प्रत्येक खड्ड्यांत तिला किंचित् पीळ बसतो, आणि अशा लक्षावधि हिसक्यांनंतर एखाद्या ठिकाणीं केंसासारखी चीर पडते. चीर हळूहळू वाढते व उरलेला भाग भार सोसेनासा झाला कीं नळी एकदम तुटते. तुटलेल्या टोकाकडे नीट पाहावें. जो भाग काळसर किंवा गंजलेला दिसेल तो फार दिवसांपूर्वींच फाटलेला होता. जो चकचकीत दिसेल तेवढ्यावरच सायकल शेवटीं उभी होती. आदल्या दिवसांत रंगाखालून तांबूस रेघ दिसणें, चढावर कुरकुर ऐकूं येणें, किंवा हँडल एका बाजूस ओढणें, अशा खुणा बहुधा मिळालेल्या असतात.

मोड मुख्यतः तीन ठिकाणीं होतो. पहिलें, हँडलच्या उभ्या नळीमागें, जेथें तिरपी नळी येऊन मिळते तेथें. हा खड्ड्यांचा व धडकेचा परिणाम होय. दुसरें, सीटखालचा सांधा. सीटची दांडी फार वर ओढल्यानें आंत पुरेशी लांबी उरत नाहीं व नळीच्या तोंडावर तरफेसारखा जोर येतो. ही दांडी निदान अडीच इंच आंत असावी. तिसरें, मागील चाकाच्या आंसाजवळच्या बारीक नळ्या. येथें कॅरिअरवरील ओझें बाधतें. कारण न शोधतां केलेली दुरुस्ती म्हणजे बांधावरील उंदराचें बीळ न पाहतां वरून माती टाकणें होय.

वेल्डिंग कीं पितळी झाळ

वेल्डिंग वाईट असें आमचें म्हणणें नाहीं. हल्लीं कित्येक कारखान्यांत नळ्या थेट वेल्डिंगनेंच जोडतात. परंतु तेथें यंत्र, तार व करंट पातळ नळीच्या बेतानें निवडलेले असतात. नांगराचा फाळ जोडणारी जाड कांडी पातळ नळीवर वापरली तर नळीस भोंक पडतें, आणि जोडालगतचा भाग अति तापून निवाल्यानें कमजोर होतो. दुसरें असें कीं, ज्या सांध्यांत आधींच पितळ आहे तेथें वेल्डिंग नीट धरत नाहीं. पितळांतील जस्त उकळून जोडांत पोकळ्या राहतात व तांबें पोलादांत शिरून तेथें चिरा पाडतें.

पोलाद सुमारें १५०० अंश सेल्सिअसवर वितळतें. झाळकामाचें पितळ सुमारें ९०० अंशांवर. म्हणजे पितळी झाळेंत नळी लालभडक होते, पण वितळत नाहीं. म्हणून जुन्या फ्रेमला हीच रीत मानवते. चांदीमिश्रित झाळ याहूनहि कमी उष्णतेवर चालते, पण ती महाग पडते.

जोडण्याची रीत

प्रथम चाकें, सांखळी, छर्रे, सीट, हँडल सर्व काढावें. जोडाच्या दोन्ही बाजूंस दोन-दोन इंच रंग, गंज व तेल पूर्ण काढून धातु पांढरी करावी. नळी अर्धवटच चिरली असेल तर चिरेच्या टोकास तीन मिलिमीटरचें भोंक पाडावें, म्हणजे चीर पुढें धांवत नाहीं. नळी पूर्ण तुटली असेल तर तिच्या आंत जेमतेम सरकेल असा तीन-चार इंच लांबीचा पोलादी नळीचा तुकडा घालावा आणि दोन्ही तोंडें त्यावर भिडवावीं. बाहेरून पट्टी चढवावयाची असल्यास तिचीं टोकें चौकोनी न ठेवतां माशाच्या तोंडाप्रमाणें निमुळतीं करावीं. चौकोनी टोंकाशीं सर्व जोर एका रेषेंत येतो व नवी चीर तेथेंच सुरू होते.

नंतर फ्रेम सरळ लोखंडी अँगलवर घट्ट बांधावी, जोडावर टांकणखाराची लुगदी लावावी व गॅसच्या ज्योतीनें चोहोंकडून सारखें तापवावें. खार पाण्यासारखा पातळ झाला व नळी लाल झाली कीं पितळी कांडी ज्योतीस न लावतां नळीस लावावी; पितळ आपण होऊन उष्णतेकडे धांवतें व फटींत शिरतें. जोडाभोंवतीं अखंड पिवळी रेघ दिसली म्हणजे काम झालें. पांढरा धूर येऊं लागला तर जस्त उकळत आहे असें समजून ज्योत दूर करावी. त्या धुरानें थंडीताप येतो, म्हणून हें काम उघड्यावरच करावें. नळी दोन्हीकडून बंद असेल तर हवा जाण्यास बारीक भोंक असलेंच पाहिजे. नाहीं तर कोंडलेली हवा फुगून अपघात होतो. जोड आपोआप निवूं द्यावा, त्यावर पाणी ओतूं नये. निवाल्यावर मात्र गरम पाण्यानें व तारेच्या ब्रशानें खाराची कांच खरवडून काढावी. ती राहिली तर ओल धरून वरचा रंग उचलते.

दोन गोष्टींना हात लावूं नये. पुढील चाक धरणारा चिमटा चिरला असेल तर तो नवाच घालावा. तो तुटल्यास सांवरण्यास क्षणहि मिळत नाहीं. तसेंच अॅल्युमिनियमच्या फ्रेमला ही रीत लागू नाहीं. ती वेल्डिंगनें जोडली तरी पुढें भट्टींत उष्णतेचे खास संस्कार केल्यावांचून तिचें मूळचें बळ परत येत नाहीं.

रंगापूर्वींची पारख

जमिनीच्या मोजणींत जशी सांखळी, तशी येथें सुतळी. मागील आंसाच्या एका खांचेस सुतळी बांधून ती हँडलच्या उभ्या नळीस पुढून वळसा देऊन दुसऱ्या खांचेस ताणून बांधावी. मग सीटच्या नळीपासून दोन्हीकडील सुतळीचें अंतर मोजावें. एक-दोन मिलिमीटरचा फरक चालेल. अधिक असेल तर फ्रेम वांकडी आहे. त्यानंतर सायकल जोडून कॅरिअरवर ५० किलोचें पोतें बांधावें, आणि वर कोणीहि न बसतां शेताच्या खडबडीत वाटेनें ती हातानें ढकलीत न्यावी. परत आल्यावर जोड भिंगानें पाहावा. ही परीक्षा उतरल्याखेरीज रंगाचा डबा उघडूं नये. रंग गंजास अडवितो. मोडास तो फक्त झांकतो.

रंगाची रीत

फार जुन्या रंगांत शिसें असण्याचा संभव असतो. आपल्या देशांत घरगुती व शोभेच्या रंगांतील शिशाचें प्रमाण दशलक्ष भागांस ९० भागांहून अधिक नसावें, असा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वींच्या रंगाचा भरंवसा नाहीं. म्हणून जुना रंग कोरडा घांसून धूळ उडवूं नये. पाणी लावून घांसावा, आणि खरवड कडब्यांत, गव्हाणींत किंवा पाण्याच्या हौदाजवळ पडूं देऊं नये. शिसें पोटांत गेल्यानें गुरें दगावतात व मुलांच्या बुद्धीस अपाय होतो. याच कारणास्तव पूर्वीं लोखंडावर अस्तर म्हणून देत असत तो शेंदूरहि आतां वर्ज्य समजावा. त्याऐवजीं रेड ऑक्साइडचें किंवा झिंक फॉस्फेटचें अस्तर घ्यावें.

फ्रेम साबणानें धुऊन, वाळवून, टर्पेंटाइननें पुसावी व नंतर हात लावूं नये. छर्ऱ्यांच्या वाट्या व आटे कागदानें बंद करावे. अस्तराचे दोन पातळ हात व वर एनॅमलचे दोन पातळ हात द्यावे. प्रत्येक हातानंतर एक अहोरात्र जाऊं द्यावें व मध्यें बारीक पॉलिश कागद फिरवावा. एक जाड हात वरून सुकतो, आंत ओला राहतो व पापुद्र्यानें निघतो. हें काम पावसाळ्यांत किंवा मळणीच्या धुळींत करूं नये. फ्रेमवरील नंबर बुजवूं नये. चोरी झाल्यास तोच मालकीचा पुरावा.

नळ्यांच्या आंतून गंज चढूं नये म्हणून थोडें जवसाचें तेल आंत ओतून, फ्रेम फिरवून निथळूं द्यावें. त्या तेलाचीं फडकीं मात्र बोळा करून गंजीजवळ टाकूं नयेत. तीं आपोआप तापून पेट घेतात. तीं पाण्यांत भिजवावीं अगर उघड्यावर पसरून वाळवावीं.

शेवटीं एक सूचना. जोडाच्या जागीं गडद रंगाऐवजीं फिका रंग द्यावा. शोभा थोडी कमी होईल, परंतु नवी चीर पडल्यास तिची काळी रेघ तत्काळ दिसेल. दुरुस्तीची तारीख घरच्या वहींत नोंदवावी व दरमहा जोड एकदां पुसून पाहावा. आणि जुनी सायकल विकत घेतांना सांध्याजवळच तेवढा ताजा रंग दिसला, तर किंमत विचारण्यापूर्वीं त्या रंगाखालीं काय आहे तें विचारावें.