स्वारगेटच्या दक्षिणेची डोंगररांग

स्वारगेटच्या एस. टी. स्थानकातून साताऱ्याकडे जाणारी गाडी थोड्याच वेळात कात्रजच्या डोंगराशी येते. पूर्वी ती घाटाची वळणे चढत असे. आता बहुतेक गाड्या नव्या बोगद्यातून पलीकडे जातात आणि डोंगर ओलांडल्याचे प्रवाशाला कळतही नाही. भूगोलाच्या पुस्तकांत या डोंगराला भुलेश्वर रांग म्हणतात. सह्याद्रीच्या मुख्य कण्यापासून पूर्वेकडे फुटलेला हा फाटा सिंहगड, कात्रज, बोपदेव घाट, दिवेघाट असा उतरत थेट माळशिरस गावाजवळच्या भुलेश्वराच्या यादवकालीन देवळापर्यंत जातो.

या रांगेचा जन्म सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीचा. त्या काळी जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हारस पुन:पुन्हा वर आला आणि थरावर थर साचत गेला. आज आपण ज्याला काळा पाषाण म्हणतो तो हाच. दोन उद्रेकांमध्ये बराच काळ गेला तर खालच्या थराचा माथा कुजून त्याची तांबडी माती होई. पुढचा रस तिच्यावर पसरून तिला भाजून काढी. घाटातल्या कड्यांमध्ये हे गेरूसारखे पट्टे स्पष्ट दिसतात. दिसायला क्षुल्लक, पण त्यांचे महत्त्व मोठे आहे. वरच्या खडकाच्या फटींतून मुरलेले पाणी या चिकण थरावर अडते आणि कडेने झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. डोंगरमाथ्यावर भर उन्हाळ्यात पाणी कसे, या कोड्याचे बरेचसे उत्तर येथे आहे. आणि पाणी नसते तर गडही नसते.

पावसाच्या बाबतीत ही रांग मोठी पक्षपाती आहे. पश्चिमेच्या टोकाला सिंहगडाच्या दऱ्यांत कारवी, करवंदीच्या जाळ्या आणि दाट झाडी. पूर्वेकडे सरकावे तसे झाड खुजे होते, मग नुसते गवत उरते आणि पुरंदर तालुक्याच्या पूर्व भागात दुष्काळ हा नित्याचा पाहुणा ठरतो. उत्तर उताराचे पाणी मुठेला मिळते, दक्षिणेचे शिवगंगा, कऱ्हा यांच्या वाटेने नीरेला. गंमत अशी की कात्रजच्या धारेवर दुभंगलेले हे दोन्ही पाणी अखेर भीमेतच एकत्र येते.

माणसांनीही या रांगेचा उपयोग आधी अडसर म्हणून केला. चौदाव्या शतकात नागनायक नावाच्या कोळी सरदाराने कोंढाण्यावर महंमद तुघलकाच्या फौजेला सुमारे आठ महिने झुंजविले. ४ फेब्रुवारी १६७० चा तानाजीचा पराक्रम तर सर्वांना पाठच आहे. १६६३ साली शायिस्ताखानावरील छाप्यानंतर कात्रजच्या घाटात बैलांच्या शिंगांना पलिते बांधून मोगलांना चकविल्याची कथा सांगतात. ती आख्यायिका मानली, तरी सांगणाऱ्याला घाटाची रचना नेमकी माहीत होती, हे खरे. वारकऱ्यांना मात्र ही रांग आडवी येत नाही. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी दरवर्षी दिवेघाट चढून सासवडला जाते.

पुणे शहराचा या डोंगराशी खरा संबंध जडला तो पाण्याने. नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यास कात्रजला तलाव बांधून बंदिस्त दगडी नळाने ते पाणी शनिवारवाड्यापर्यंत व पेठांतील हौदांपर्यंत आणले. पंप नाही, यंत्र नाही. केवळ उतार साधून! गाळ बसण्यासाठी आणि हवा खेळती राहण्यासाठी वाटेत उच्छ्वास ठेवले. कात्रजच्याच बाजूने येणारा आंबिल ओढा पूर्वी शहरातून वाहत असे व पुराने पेठांना उपद्रव देई. तोही पेशव्यांनी वळविला. आज तो पर्वतीच्या बाजूने, दांडेकर पुलाखालून मुठेला मिळतो. म्हणजे डोंगराचे पाणी हवे तेवढे घरात आणावे आणि नको ते घराबाहेरून जाऊ द्यावे, ही दोन्ही कामे त्या पिढीने एकाच वेळी हाती घेतली.

पुढे खडकवासल्याचे पाणी आले, कात्रजच्या नळाची गरज सरली, आणि डोंगराकडे पाहण्याची शहराची दृष्टीच पालटली. उतार खोदून सपाटी करणे स्वस्त पडू लागले. जून २०१३ मध्ये घाटापलीकडे शिंदेवाडीजवळ अशा फोडलेल्या डोंगरावरून आलेल्या लोंढ्यात एक माय आणि तिची लेक वाहून गेली. पाणी मुरायला माती नाही, गवत नाही आणि वाहून जायला नाला नाही. मग ते रस्त्यावरच येणार. ओढ्याच्या बाबतीत तेच झाले. काठ दोन्हीकडून आत सरकत आले, पूल व भिंती उभ्या राहिल्या. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या बाजूला प्रचंड पाऊस झाला, तलाव भरून वाहू लागला आणि आंबिल ओढ्याने काठ सोडला. त्या रात्री पुणे व परिसरात वीसहून अधिक माणसे दगावली. सहकारनगर, अरण्येश्वर, टांगेवाला कॉलनी या वस्त्यांत पाणी शिरले. त्या साऱ्या तलावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याच्या काठी आहेत आणि स्वारगेटच्या चौकापासून पायी जाण्याजोग्या अंतरावर आहेत.