पस्तिशीनंतर परदेशी मास्टर्स : नोकरी नक्की कुठे अडते?

परवा घाटकोपर मेट्रोच्या जिन्यात शाळेतली मैत्रीण भेटली. वय ३६, बारा वर्षं बँकेत. "अगं, ऑस्ट्रेलियात डेटा सायन्स करतेय. नंतर कामाचा व्हिसा मिळतोच, एजंट म्हणाला." मी विचारलं, फी भरलीस का? अजून नव्हती भरली. नशीब.

१ जुलै २०२४ पासून ऑस्ट्रेलियाच्या ४८५ व्हिसाला, म्हणजे शिक्षणानंतर थांबून काम करायच्या परवान्याला, वयाची मर्यादा ५० वरून ३५ वर आली. ती कोर्स संपवेल तेव्हा ३८ ची असेल. पण तुम्ही संशोधनाची तयारी करताय, म्हणून यातली मेख बघा : पीएचडी आणि संशोधनावर आधारित मास्टर्स करणाऱ्यांना मर्यादा अजून ५० आहे. कॅनडात दार बंद होत नाही, गुण गळतात. तिथे कायम राहण्यासाठीच्या एक्सप्रेस एंट्रीत एकट्या अर्जदाराला २९ पर्यंत वयाचे ११० गुण, ३५ ला ७७, ४० ला ५० आणि ४५ पासून शून्य.

हे झाले नियम. ते छापलेले असतात, वाचता येतात. खरी पंचाईत पुढे आहे : व्हिसा हातात असूनही मुलाखतीला बोलावणं आलं नाही, तर कारण वय, भारतीय नाव, की बदललेलं क्षेत्र? नोकरी देणारा ते कधीच सांगत नाही.

म्हणून संशोधक बनावट अर्ज पाठवतात. दोन अर्ज जवळपास सारखे, फरक एकाच गोष्टीचा, आणि मग बोलावणी मोजायची. न्यूमार्क, बर्न आणि बटन यांनी अमेरिकेत असे ४०,००० हून जास्त अर्ज पाठवले (२०१९). वयाचा फटका स्त्रियांच्या बाबतीत ठळक दिसला, पुरुषांच्या बाबतीत चित्र तितकं स्पष्ट नव्हतं. ओरिओपोलस यांनी टोरांटोत नावं बदलून पाहिली (२०११) : भारतीय, पाकिस्तानी, चिनी नावांना इंग्रजी नावांपेक्षा कमी बोलावणी. अर्जात नामांकित संस्थेचं नाव टाकलं तरी फरक कमी झाला नाही. (रँकिंग बघून कर्ज काढणाऱ्यांनी हे दोनदा वाचा.) परदेशातल्या अनुभवापेक्षा कॅनडातल्या अनुभवाला मात्र भाव होता.

आता माझ्या मैत्रिणीसारखा बनावट अर्ज तयार करून बघा. बँकेतली बारा वर्षं लिहिली, तर नकार वयाला मिळाला की नव्या कामाशी संबंध नसलेल्या अनुभवाला, ते कळणार नाही. ती वर्षं गाळली, तर ३८ व्या वर्षी कोरा अर्ज, तोच संशयास्पद. वय आणि अनुभव एकमेकांना चिकटलेले आहेत, आणि क्षेत्र बदललेल्या माणसात ते सोडवणं सगळ्यात कठीण. विषय शोधत असाल तर इथे काम आहे. मुलाखती घेऊन करायचं असेल, तर फक्त नोकरी लागलेल्यांना भेटू नका. परत आलेले आपल्याच सोसायटीत असतात, फक्त फारसं बोलत नाहीत.

मैत्रिणीने फी थांबवली आहे. आता ती विचारतेय, बँकेतल्या फसवणुकीच्या व्यवहारांवर रिसर्च मास्टर्स होईल का? विषय चांगला आहे. पण त्यासाठी आधी गाइड शोधावा लागतो, आणि ते काम एजंट करून देत नाही. रविवारी बसून आम्ही पहिला मेल लिहिणार आहोत.